कपाटातली जुनी पुस्तकं आणि गुरुजींचा खांदा

माझ्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलामागे काचेचं एक कपाट आहे. नेहमी येणाऱ्यांनी ते पाहिलं असेल. त्यात ना औषधं आहेत, ना कंपन्यांची सॅम्पल्स. त्यात जुनी पुस्तकं आहेत, आणि बहुतेक सगळी मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांवरची. बीपी मोजून होईपर्यंत पेशंटची नजर तिकडे जाते आणि प्रश्न येतो, "डॉक्टर, ही एवढी जुनी पुस्तकं अजून वाचता? आता तर सगळं एमआरआयमध्ये दिसतं ना!"

प्रश्न रास्त आहे. औषधांची पुस्तकं दर चार-पाच वर्षांनी शिळी होतात. मग शंभर, दोनशे, तीनशे वर्षांपूर्वीची वैद्यकीय पुस्तकं लोक का जमवतात? आणि ती जपून तुम्हा-आम्हाला काय मिळतं? याचं उत्तर मला एका चुकीतून मिळालं. चूक माझीच होती, म्हणून आधी तीच सांगतो.

आठ महिने मी खांद्यावर उपचार करत होतो

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येत असत. वय चौसष्ट, मधुमेह होता पण आटोक्यात. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही म्हणत असे. तक्रार एकच, उजवा खांदा आखडलाय आणि दुखतोय. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडणं, म्हणजे फ्रोझन शोल्डर, अगदी नेहमीचं. मी तेच निदान केलं. वेदनाशामक गोळ्या दिल्या, फिजिओथेरपीला पाठवलं, मानेचा एक्स-रे काढला. थोडं बरं वाटायचं, पुन्हा दुखायचं. असे आठ महिने गेले. गोळ्यांनी पित्त वाढलं, म्हणून पित्ताची गोळी वाढली.

एकदा सोबत काकू आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "डॉक्टर, हल्ली बँकेत यांची सही जुळत नाही. अक्षर फार बारीक झालंय." मी मान वर न करता म्हणालो, "खांदा दुखतोय ना काकू, होणारच."

त्याच सुमारास मी एक छोटं पुस्तक वाचत होतो. १८१७ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तिकेची ती हुबेहूब नक्कल होती, म्हणजे मूळ पानं जशीच्या तशी पुन्हा छापलेली प्रत. त्या आठवड्यात संध्याकाळी भाजी घ्यायला गेलो, तर समोरून गुरुजी चालत येत होते. पाठ किंचित वाकलेली, पावलं आखूड. डावा हात चालताना हलत होता. उजवा कोपरात थोडा दुमडून अंगाला चिकटलेला, हलतच नव्हता. चेहऱ्यावर भाव कमी. मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. रात्री वाचलेलं पान माझ्यासमोर चालत होतं.

गुरुजींना पार्किन्सन्सचा आजार होता, म्हणजेच कंपवात. थरथर अजून सुरू झालेली नव्हती. खांदा आखडणं हे त्याचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं, हे मला एमडीच्या परीक्षेपासून माहीत होतं. पण आठ महिन्यांत मी गुरुजींना चालताना एकदाही पाहिलं नव्हतं. ते आत यायचे तेव्हा मी आधीच्या पेशंटचं प्रिस्क्रिप्शन लिहीत असायचो. मान वर करेपर्यंत ते खुर्चीत बसलेले असायचे.

रस्त्यावर पाहिलेले पेशंट

ती पुस्तिका जेम्स पार्किन्सन यांची. जन्म ११ एप्रिल १७५५, मृत्यू १८२४. म्हणूनच ११ एप्रिल हा जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात. हे गृहस्थ कुठल्या मोठ्या इस्पितळाचे प्रमुख नव्हते. लंडनमधल्या हॉक्सटन भागात वडिलांप्रमाणेच ते घरच्या घरी दवाखाना चालवत. आजच्या भाषेत फॅमिली डॉक्टर म्हणा. फावल्या वेळात ते जीवाश्म गोळा करत, त्यावर त्यांनी तीन खंड लिहिले, आणि १८०७ साली लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन करणाऱ्यांत ते होते. गरिबांच्या बाजूने सरकारवर टीका करणारी पत्रकंही त्यांनी टोपणनावाने लिहिली. त्यांचं एकही खात्रीचं चित्र आज उपलब्ध नाही. ज्यांचं नाव जगातला प्रत्येक डॉक्टर घेतो, ते दिसायचे कसे, हे कुणालाच ठाऊक नाही.

बासष्टाव्या वर्षी त्यांनी सहासष्ट पानांची पुस्तिका काढली. नावाचा अर्थ साधारण असा, 'थरथरणाऱ्या लकव्यावर निबंध'. तीत फक्त सहा रुग्णांची हकिकत आहे, आणि त्या सहांपैकी तिघे त्यांचे पेशंटच नव्हते! दोघे त्यांना रस्त्यात दिसले. त्यांना थांबवून, विचारपूस करून त्यांनी माहिती घेतली. तिसऱ्याला तर त्यांनी नुसतं दुरून पाहिलं.

पहिला रुग्ण पन्नाशी ओलांडलेला माळी, त्याची थरथर डाव्या हातापासून सुरू झाली. दुसरा बासष्ट वर्षांचा. तिसरा साधारण पासष्टचा, एकेकाळचा खलाशी. परदेशच्या तुरुंगात ओल्या जमिनीवर झोपावं लागलं म्हणून हे झालं, असं त्याला स्वतःला वाटत होतं. आपले पेशंटही असंच काहीतरी कारण शोधतात, "गारठ्यात झोपलो म्हणून," "एसटीत धक्का बसला म्हणून." दोनशे वर्षांत यात काही फरक पडलेला नाही.

या सहा माणसांवरून पार्किन्सन यांनी जे चित्र उभं केलं, ते आजही मेडिकलच्या विद्यार्थ्याला शिकवावं असं आहे. हात काम करत नसताना, अगदी टेकवून ठेवलेला असतानाही होणारी थरथर. पुढे वाकलेलं शरीर. चालता चालता आपोआप धावल्यासारखी होणारी पावलं. लिहिणं अवघड होणं. बद्धकोष्ठ. झोपमोड. लाळ गळणं. आणि एक महत्त्वाची गोष्ट: हा आजार इतक्या हळू पावलांनी येतो की नेमका कधी सुरू झाला, हे रुग्णाला सहसा सांगताच येत नाही.

माझ्या गुरुजींनाही सांगता आलं नव्हतं. काकूंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

एका पुस्तिकेसाठी शोधाशोध

आता पुस्तकं जमवण्याचा विषय. सहासष्ट पानांचं पुस्तक म्हणजे आपल्या दिवाळी अंकाहूनही बारीक. असली पुस्तकं टिकत नाहीत. वाचून झाली की कुठेतरी ठेवली जातात, दुसऱ्या चार निबंधांबरोबर एकाच पुठ्ठ्यात बांधली जातात, नाहीतर डॉक्टर वारला की रद्दीत जातात. पार्किन्सन यांच्या निबंधाची सुरुवातीला थोडीफार दखल घेतली गेली, मग तो मागे पडला.

पुढे पॅरिसमध्ये झाँ-मार्तां शार्को हे मेंदूविकारांचे मोठे डॉक्टर झाले. साल्पेत्रिएर नावाच्या भल्यामोठ्या रुग्णालयात हजारो स्त्रिया वर्षानुवर्षं राहत होत्या, त्यांत थरथरीचे अनेक रुग्ण होते. शार्को यांनी त्यांच्या थरथरीचे प्रकार वेगळे केले: हात स्वस्थ असताना होणारी वेगळी, पाण्याचा पेला तोंडाशी नेताना होणारी वेगळी. पार्किन्सन यांच्याकडून एक गोष्ट सुटली होती, स्नायूंचा ताठरपणा. तो शार्को यांनी दाखवून दिला. या आजारात ताकद फारशी जात नाही, तेव्हा 'लकवा' हे नाव चुकीचं आहे, असं म्हणून त्यांनी 'पार्किन्सनचा आजार' हे नाव सुचवलं. लंडनच्या एका विस्मरणात गेलेल्या फॅमिली डॉक्टरचं नाव पॅरिसच्या प्रोफेसरांनी जगाला दिलं.

पण शार्को यांना मूळ पुस्तिका हवी होती आणि ती सहज मिळत नव्हती. अखेर मँचेस्टरच्या एका ग्रंथपालांनी त्यांना ती मिळवून दिली. १८८८ साली आपल्या प्रसिद्ध मंगळवारच्या व्याख्यानात त्यांनी विद्यार्थ्यांना ती पुस्तिका पूर्ण वाचण्याची शिफारस केली. प्रामाणिक आणि बारकाईने पाहणाऱ्या माणसाने स्वतः लिहिलेलं वाचण्याचं समाधान वेगळंच, अशा अर्थाचं ते बोलले.

विचार करा, त्या ग्रंथपालांच्या कपाटात ती प्रत नसती तर? आजार तर राहिलाच असता. पण तो पहिल्यांदा कुणी, कसा आणि किती साध्या नजरेने ओळखला, हे पुढच्या पिढ्यांना कदाचित कळलं नसतं. जुनं पुस्तक जपणं म्हणजे ती नजर जपणं, असं मला वाटतं.

दोन वेडे संग्राहक

जुन्या वैद्यकीय पुस्तकांचे संग्राहक जगात बरेच झाले, पण आम्हा फिजिशियन मंडळींना दोन नावं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिले सर विल्यम ऑस्लर. १८९२ साली त्यांनी लिहिलेल्या मेडिसिनच्या पुस्तकावर डॉक्टरांच्या अनेक पिढ्या शिकल्या. मेडिकलच्या विद्यार्थ्यांना वर्गातून बाहेर काढून पेशंटच्या खाटेशी नेणारा शिक्षक म्हणून ते ओळखले जातात. हाच माणूस जुनी पुस्तकं जिवापाड जमवत असे. लिलावात महत्त्वाच्या ग्रंथाची जास्तीची प्रत मिळाली तर तीही घेत आणि एखाद्या ग्रंथालयाला भेट देऊन टाकत. त्यांचा मुलगा रिव्हिअर, त्यालाही पुस्तकांचं तेवढंच वेड, पहिल्या महायुद्धात १९१७ साली मारला गेला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९१९ मध्ये ऑस्लरही गेले. संग्रहाची सूची अपुरी होती. नातेवाईक आणि स्नेही मंडळींनी बसून ती पुरी केली, त्याला दहा वर्षं लागली. १९२९ साली सूची छापून झाली आणि त्याच वर्षी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात, जिथे ऑस्लर शिकले होते, तिथे त्यांचं ग्रंथालय सुरू झालं. ऑस्लर पतिपत्नींच्या अस्थी त्याच ग्रंथालयात, पुस्तकांच्या मधोमध ठेवल्या आहेत.

दुसरे हार्वी कुशिंग, मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रणेते. त्यांना ही गोडी ऑस्लर यांच्या सहवासातच लागली. पुढे त्यांनी ऑस्लरांचं चरित्र लिहिलं, त्याला १९२६ साली पुलित्झर पारितोषिक मिळालं. कुशिंग यांचं सगळ्यात लाडकं पुस्तक होतं व्हेसॅलियस यांचा १५४३ सालचा शरीररचनेवरचा ग्रंथ. सहाशेच्या वर पानांचा, लाकडी ठशांतून छापलेल्या अप्रतिम चित्रांचा. त्याचा सातवा भाग मेंदूवर आहे. १९३९ साली कुशिंग यांना हृदयविकाराचा शेवटचा झटका आला तो व्हेसॅलियसचा असाच जडशीळ ग्रंथ उचलल्यानंतर, असं सांगतात. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूत एक निरुपद्रवी छोटी गाठ सापडली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेंदूतल्या गाठी काढणाऱ्या माणसाच्या मेंदूत! त्यांचा संग्रह येल विद्यापीठाला मिळाला आणि आणखी दोन स्नेह्यांच्या संग्रहांबरोबर १९४१ पासून तो अभ्यासकांना खुला आहे.

दोघांनीही पुस्तकं तिजोरीत कोंडून ठेवली नाहीत. विद्यार्थ्यांच्या हातात जातील अशी सोय करूनच ते गेले.

या पुस्तकांत असतं तरी काय?

तुमच्या-माझ्या रोजच्या आयुष्याशी संबंध असलेली तीनच उदाहरणं देतो.

पहिलं फिट, म्हणजे अपस्माराचं. हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांपैकी एकात, साधारण चोवीसशे वर्षांपूर्वी, स्पष्ट म्हटलंय की या आजाराला लोक दैवी समजतात, पण तो इतर आजारांइतकाच नैसर्गिक आहे आणि त्याचं मूळ मेंदूत आहे. हे ग्रंथ मूळ ग्रीक भाषेत एकत्रित छापले गेले १५२६ साली, व्हेनिसमध्ये. ती आवृत्ती आज संग्राहकांसाठी मोठा ठेवा आहे. आणि आपल्याकडे? फिट आली की आजही नाकाला कांदा किंवा चप्पल लावतात, तोंडात चमचा घालतात, अंगात आलं म्हणून देवऋषी गाठतात. कृपा करून असं करू नका. रुग्णाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, तोंडात काहीही घालू नका. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा लागोपाठ आली, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

दुसरं पक्षाघाताचं. माणूस अचानक कोसळतो, बोलणं जातं, अर्धं अंग लुळं पडतं. पूर्वी समज होता की मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये कफ साचल्याने असं होतं. स्वित्झर्लंडमधले डॉक्टर योहान याकोब वेपफर यांनी अशा मृतांचं विच्छेदन केलं आणि मेंदूत रक्तस्राव झालेला दाखवला. त्यांचं पुस्तक १६५८ चं. सहा वर्षांनी, १६६४ साली, इंग्लंडच्या थॉमस विलिस यांचं मेंदूच्या रचनेवरचं पुस्तक आलं. त्यातली बरीच चित्रं काढणारे क्रिस्टोफर रेन पुढे लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधणारे वास्तुविशारद म्हणून गाजले. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक वर्तुळ असतं, एक वाट बंद झाली तर दुसरीकडून रक्त फिरून येऊ शकतं, हे विलिस यांनी समजावलं. आजही आम्ही त्याला 'विलिसचं वर्तुळ' म्हणतो. मात्र या वर्तुळाच्या भरवशावर घरी थांबू नका. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं, यांतलं काहीही अचानक झालं तर घड्याळ बघा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात निघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं.

तिसरं उदाहरण माझ्या स्वतःच्या कपाटातलं. सर विल्यम गावर्स यांचं मज्जासंस्थेच्या आजारांवरचं दोन खंडांचं पुस्तक १८८६ ते १८८८ मध्ये प्रथम निघालं. त्याच्या पुढच्या एका आवृत्तीचा एकच खंड मला एमडी करत असताना मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर मिळाला. पाठ उसवलेली, पानांना कसर लागलेली. विकणाऱ्याने वजनावर भाव सांगितला. आत कुणा अनोळखी डॉक्टरने पेन्सिलीने समासात टिपणं केली आहेत, एका ठिकाणी नुसतं 'माझा पेशंट' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द आहेत. गावर्स यांना लघुलिपीचं, म्हणजे शॉर्टहँडचं, मोठं वेड. पेशंटच्या नोंदी घ्यायला ती प्रत्येक डॉक्टरने शिकावी म्हणून त्यांनी हिरिरीने प्रचार केला. गंमत म्हणजे पार्किन्सन यांनाही शॉर्टहँड येत होतं. दोघांच्याही पुस्तकांत पेशंट खराखुरा दिसतो, यात मला तरी नवल वाटत नाही. ऐकलेलं उतरवून घेण्याची सवय दोघांनाही होती.

जुनं ते सगळंच सोनं नव्हे

आता एक इशारा. ही पुस्तकं वाचताना भक्तिभाव बाजूला ठेवावा लागतो. पार्किन्सन यांनी कंपवातावर सुचवलेला उपाय काय होता? मानेच्या वरच्या भागातून रक्त काढायचं आणि तिथेच त्वचेवर फोड आणून ते वाहते ठेवायचे. आजाराचं मूळ मानेतल्या मज्जारज्जूत असावं, असा त्यांचा अंदाज होता, तोही चुकला. मेंदूच्या तळाकडच्या एका काळसर भागातल्या पेशी या आजारात नष्ट होतात, हे १९१९ साली त्रेत्याकॉफ यांनी पॅरिसमध्ये दाखवलं. बुद्धी शाबूत राहते, असं पार्किन्सन यांनी लिहिलं. आज आम्हाला माहीत आहे की नैराश्य आणि पुढे काहींना विस्मरणही होऊ शकतं.

पण एका गोष्टीसाठी त्यांना मानावं लागतं. मला विच्छेदन करून बघता आलेलं नाही, हा माझा तर्क आहे, ज्यांना शक्य आहे त्यांनी पुढे शोध घ्यावा, असं ते सुरुवातीलाच कबूल करतात. दिसलेलं आणि वाटलेलं यांची त्यांनी सरमिसळ केली नाही. म्हणूनच त्यांचा उपचार मोडीत निघाला आणि वर्णन टिकलं.

कधीतरी यावर असा उपाय सापडेल की निदान आजार वाढायचा थांबेल, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली होती. आज आपण वापरतो ते लेव्होडोपा नावाचं औषध हातात यायला दीडशे वर्षं लागली. त्यात आपल्याकडचाही एक दुवा आहे. खाजकुइलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढल्याचा शोधनिबंध १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी प्रसिद्ध केला. कंपवातासाठी त्याचा उपयोग व्हिएन्नात १९६१ च्या सुमारास सुरू झाला, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियस यांनी तोंडावाटे भरपूर मात्रेत देऊन त्याचा गुण दाखवला. हे वाचून कुणी कवचबीजाचं चूर्ण मनाने सुरू करू नये. त्यातली मात्रा कमी-जास्त असते, आणि चालू गोळ्यांशी तिची बेरीज होते. आणि हो, पार्किन्सन यांची ती आशा अजून पुरी झालेली नाही. औषधाने हालचाल सुधारते, पण आजार वाढायचा थांबत नाही.

गुरुजींचं पुढे काय झालं?

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना बोलावून घेतलं. या वेळी दारातच उभा राहिलो आणि त्यांना पॅसेजमध्ये चालायला लावलं. कागदावर चार ओळी लिहायला सांगितल्या. पहिली ओळ ठीक, चौथीपर्यंत अक्षर मुंगीएवढं झालं होतं. न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, त्यांनी निदान पक्कं केलं. गोळ्या सुरू झाल्यावर हळूहळू खांदा मोकळा झाला.

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. आधी ओळखलं असतं तर आजार टळला असता असं नाही. पण आठ महिन्यांचं दुखणं, नको त्या गोळ्या आणि पित्त नक्की टळलं असतं. गुरुजी रागावले नाहीत. मात्र काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी सांगितलं होतं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

नंतर गुरुजींनी ती पुस्तिका मागून घेतली. इंग्रजीचेच शिक्षक होते. पंधरा दिवसांनी परत आणून दिली आणि म्हणाले, "डॉक्टर, या माणसाने कुणाचीही कीव केलेली नाही. नुसतं नीट बघितलंय." त्या दिवसापासून माझ्या खुर्चीची दिशा मी बदलली आहे. आता दारातून येणारा प्रत्येक पेशंट मला खुर्चीत बसेपर्यंत चालताना दिसतो.

पार्किन्सन यांच्या मूळ पुस्तिकेची प्रत माझ्या आवाक्याबाहेरची आहे, आणि दमट हवेत, कसर-वाळवीच्या राज्यात ती मी जपूही शकणार नाही. तिची जागा चांगल्या ग्रंथालयातच. पण मजकूर इंटरनेटवर मोफत वाचता येतो, ज्यांना इंग्रजी जमतं त्यांनी जरूर वाचावा. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांची जुनी वैद्यकाची पुस्तकं असतील, छापील असोत वा हस्तलिखित, तर रद्दीत घालण्याआधी एकदा कुणा जाणकाराला दाखवा. त्यातली औषधं मात्र करून बघू नका.

आणि तुमच्यासाठी एवढंच:

- घरातल्या वडीलधाऱ्यांचं अक्षर बारीक होणं, चालताना एकच हात न हलणं, आवाज बारीक होणं, वास न येणं, झोपेत हातपाय झाडणं किंवा ओरडणं, चेहरा भावहीन दिसणं, हे सगळं 'वय झालं' म्हणून सोडू नका. यांतलं प्रत्येक लक्षण म्हणजे कंपवात नव्हे, पण डॉक्टरांना सांगण्यासारखं नक्कीच आहे.
- कंपवातात थरथर सगळ्यांनाच असते असं नाही. आणि प्रत्येक थरथर कंपवाताची नसते.
- डॉक्टरकडे जाताना दोन-तीन वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही बरोबर न्या. मोबाइलवर चालतानाचा छोटा व्हिडिओ काढून न्या.
- सोबत रोज जवळ असणाऱ्या माणसाला घेऊन जा. आणि त्यांनी काही सांगितलं आणि डॉक्टरांनी मान वर केली नाही, तर पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगा. माझ्याकडे आलात तरीसुद्धा.